रक्त एकाचं, अहवाल घराण्याचा

१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात कपडे शिवून पोट भरणारी एक तरुणी डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी बोलत होती. वॉर्थिन मिशिगन विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवायचे. ती म्हणाली, मी काही फार जगणार नाही. आतड्याचा नाहीतर गर्भाशयाचा कॅन्सर होऊन जाणार, कारण आमच्या घरात बहुतेक सगळे तसेच गेले. तेव्हा तिला कसलाही आजार नव्हता. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं तिची समजूत घालून तिला घरी पाठवलं असतं. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडायला घेतली. कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी गेलं, कुणाची मुलं वाचली, हे सगळं ते कागदावर उतरवत गेले. ती तरुणी पुढं खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरनं अकाली गेली. १९१३ मध्ये वॉर्थिन यांनी या घराण्याचा वृत्तांत छापला.

त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. कॅन्सर घराण्यातून येतो ही कल्पनाच तेव्हाच्या वैद्यकाला पटत नव्हती. १९६०च्या दशकात हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशीच आणखी कुटुंबं शोधली, वॉर्थिन यांच्या जुन्या वंशावळीचा धागाही पुढं नेला, आणि १९९३-९४ मध्ये त्यामागची जनुकं हाती लागली. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी ही जनुकं. त्यांपैकी एक बिघडलेलं असेल तर चुका साठत जातात आणि आतडं, गर्भाशय अशा ठिकाणी तरुण वयातच कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. तसल्या घराण्यातल्या माणसाला आता थोडंसं रक्त देऊन आपल्यात तो बिघाड आला आहे की नाही, हे काही आठवड्यांत कळू शकतं. आला असेल तर ठरावीक अंतरानं दुर्बिणीतून आतडं तपासत राहायचं आणि गाठी कॅन्सर होण्याआधीच काढून टाकायच्या. आला नसेल तर ते माणूस त्या भीतीतून आणि त्या तपासण्यांतून सुटलं. या दुसऱ्या फायद्याबद्दल फार कमी बोललं जातं. खरं तर आई किंवा वडिलांमध्ये असा बिघाड असला, तरी प्रत्येक अपत्यात तो न येण्याची शक्यता निम्मी असते.

आजार होण्याआधीच त्याचा धोका सांगणाऱ्या जनुकीय चाचण्या हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्या चाचण्यांना हल्ली यंत्रांची आणि कंपन्यांची झळाळी आहे. पण त्यांचं मूळ या शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या वाक्यात आणि ते ऐकून घेणाऱ्या डॉक्टरमध्ये आहे. आपल्याकडच्या ओपीडीत ‘घरात कुणाला शुगर, बीपी?’ एवढ्यावर कौटुंबिक इतिहास आटोपतो. रांग बाहेर जिन्यापर्यंत गेलेली असते, त्यामुळे त्या डॉक्टरला दोष देणंही अवघड. तरीही जनुकीय चाचणी कुणाची करायची, कोणती करायची आणि आलेल्या निकालाचा अर्थ काय लावायचा, ही तिन्ही उत्तरं त्या अर्ध्या मिनिटात उरकलेल्या प्रश्नातच असतात.

हंटिंग्टनच्या आजाराचंही तसंच. १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरनं त्याचं अचूक वर्णन केलं. हातापायांच्या अनावर हालचाली, ढासळत जाणारं मन, आणि एका पिढीतून दुसरीत उतरण्याची ठरलेली रीत. एवढ्या कोवळ्या वयात तीन पिढ्यांचा आजार त्याला दिसला, कारण त्याचे वडील आणि आजोबा हे दोघेही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याच कुटुंबांचे डॉक्टर होते. पिढीजात रोग ओळखायला पिढीजात वैद्य कामी आला.

पुढं नॅन्सी वेक्सलर ही संशोधक व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये गेली. तिची आई याच आजारानं गेली होती, म्हणजे तिच्या स्वतःच्या डोक्यावरही पन्नास टक्क्यांची तलवार होती. त्या वस्त्यांमध्ये हा आजार जगात सर्वांत दाट होता. तिथल्या रक्ताच्या नमुन्यांच्या आधारानं १९८३ मध्ये जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि १९९३ मध्ये जनुक सापडलं. त्यातली तीन अक्षरांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते. ती चाळीस किंवा अधिक वेळा आली तर माणूस पुरेसं जगल्यास आजार होणारच. इतकी ठाम भविष्यवाणी वैद्यकात क्वचितच सापडते, आणि या आजाराला रोखणारा इलाज आजही नाही. २०२० मध्ये वेक्सलरनं आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं.

अशा चाचणीपुढं डॉक्टर मंडळी सुरुवातीपासून बिचकली, आणि ते बरंच झालं. चाचणीआधी सविस्तर बोलणं, मध्ये विचाराला वेळ, सोबत विश्वासाचं माणूस, निकाल समोरासमोर बसूनच देणं, रक्त दिल्यानंतरही ‘मला निकाल नको’ म्हणण्याची मुभा, आणि अजाण मुलांची ही चाचणी न करणं, असा शिरस्ता हंटिंग्टनच्या निमित्तानं पडला. आज कॅन्सरपासून हृदयविकारापर्यंत सगळीकडे जे जनुकीय समुपदेशन चालतं, त्याची घडी इथली आहे. एक गोष्ट मात्र संशोधकांनी धरलेल्या अंदाजाच्या उलट घडली. चाचणी आली की धोक्यातली माणसं रांग लावतील असं वाटत होतं. प्रत्यक्षात बहुतेकांनी ती न करणंच पसंत केलं.

न कळण्याची निवड विज्ञानाच्या शिखरावरच्या माणसानंही केली. डीएनएच्या रचनेचे एक शोधकर्ते जेम्स वॉटसन यांना २००७ मध्ये स्वतःचा संपूर्ण जनुकसंच वाचून मिळाला. तो त्यांनी जगासमोर खुला केला, फक्त एपीओई या जनुकाची माहिती झाकायला सांगितली. त्याचा एक प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, आणि त्यांची आजी त्या आजारानं गेली होती. गंमत अशी, की शेजारच्या अक्षरांवरून ते झाकलेलं जनुक ताडता येऊ शकतं, हे लवकरच इतर संशोधकांनी दाखवून दिलं. मग झाकलेला भाग आणखी वाढवावा लागला.

चाचणी खऱ्या अर्थानं घराघरात पोचली ती स्तनाच्या कॅन्सरमुळे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये त्याच्याशी जोडलेलं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि पाठोपाठ बीआरसीए-२ हाती आलं. मिरियाड या अमेरिकी कंपनीनं त्यांची पेटंटं घेतली आणि चाचणीवर वर्षानुवर्षं मक्तेदारी ठेवली. १४ मे २०१३ रोजी अँजेलिना जोलीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की बीआरसीए-१मधला दोष सापडल्यामुळे आपण दोन्ही स्तन काढून घेतले. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी कॅन्सरनं गेली होती. अमेरिकेत या चाचणीला तीन हजार डॉलरांहून जास्त खर्च येतो, हेही तिनं त्याच लेखात सांगितलं. महिनाभरातच, १३ जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निसर्गतः असलेल्या डीएनएचं पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला आणि मक्तेदारी मोडली.

जोलीच्या लेखानंतरच्या पंधरा कामकाजी दिवसांत अमेरिकेत या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रिया मात्र त्या मानानं वाढल्या नाहीत. म्हणजे चाचणीला धावलेल्या बऱ्याच बायकांना तिची गरज नसावी. आणि गरज असलेल्या किती जणी घरीच राहिल्या असतील, ते अशा आकड्यांत दिसत नाही.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहा टक्केच असे वारशानं आलेले असतात. पण ज्या बाईत बीआरसीए-१चा घातक बदल आहे, तिला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि बीजांडकोशाचा होण्याची सुमारे ४४ टक्के असते, असं २०१७च्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं. म्हणून आधी घराणं पाहायचं. इथं मराठी घरांत एक चूक हटकून होते. हा बायकांचा आजार, म्हणून आजी, आई, मावशी एवढ्याच आठवल्या जातात. वडिलांकडून आलेला दोष मुलीत तितकाच उतरतो, त्यामुळे आत्या विसरून चालत नाही. काकूचा आणि मामीचा कॅन्सर मात्र या हिशेबात धरायचा नसतो, कारण त्यांचं रक्तच वेगळं. वडिलांच्या बाजूला सगळे भाऊच असले तर तो दोष पिढीभर दिसतही नाही आणि मग एकदम नातीत उगवतो.

दुसरी अडचण म्हणजे लपवाछपवी. ‘पोटाचं काहीतरी झालं होतं’ एवढ्यावर आजीचं मरण गुंडाळलेलं असतं. घरात लग्नाच्या मुली असतील तर आणखीच घट्ट. आणि चाचणी शक्यतो आधी आजारी माणसाची करायची, हा या शास्त्रातला साधा नियमही कळायला वेळ लागतो. निरोगी भाची तपासून घ्यायला येते, पण कॅन्सरमधून उठलेली मावशी गावी असते आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं. मावशीत कोणता बदल आहे हे माहीत असेल तरच भाचीच्या ‘काही सापडलं नाही’ला अर्थ. नाहीतर ते कोरं पान.

पान कोरं असणं परवडलं, पण अर्धवट वाचता येणारं पान फार त्रास देतं. प्रयोगशाळा सापडलेल्या बदलांची पाच पायऱ्यांत वर्गवारी करते. एका टोकाला घातक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी आणि मधोमध ‘अर्थ अनिश्चित’. ही मधली पायरी भारतीय रुग्णांच्या वाट्याला जास्त येते. जगभरातले जनुकीय संदर्भसंग्रह प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या माणसांवर उभे आहेत. २०१९च्या एका आढाव्यात अशा मोठ्या अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे निघाले. त्यांच्यात कधी न दिसलेला बदल कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या बाईत दिसला, तर तो घातक की नुसताच आपल्याकडचा, हे सांगायचं कशाच्या आधारावर? अनिश्चित बदलावर विसंबून शस्त्रक्रिया करायची नसते. हे सांगणारं माणूस समोर नसेल, तर रुग्ण तो इंग्रजी अहवाल स्वतःच वाचते आणि त्यातला सर्वांत भीतिदायक शब्द घेऊन घरी जाते.

आपल्याकडच्या जनुकांचं आपल्याकडेच वाचन व्हायला हवं, याचं हृदयाशी संबंधित उदाहरण हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये समोर ठेवलं. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या एमवायबीपीसी-३ या जनुकातली पंचवीस अक्षरं गळालेली असणं, हे भारतातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतं. म्हणजे कोट्यवधी माणसं. तारुण्यात त्यांना काही जाणवत नाही, पण उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. मग पुढच्या दशकात चित्र आणखी बारकाईनं दिसलं. या गळतीसोबत काहींमध्ये त्याच जनुकातला आणखी एक बदल असतो, आणि हृदयावरचा ताण त्यांच्यातच जास्त दिसतो, असं २०१८च्या एका अभ्यासानं सुचवलं. एकाच अहवालाचा अर्थ दहा वर्षांत असा सरकतो. अहवाल देऊन फाईल बंद करणारी प्रयोगशाळा आणि दर दोन-तीन वर्षांनी रुग्णाला पुन्हा बोलावणारा डॉक्टर यांतला फरक इथं आहे.

भारतीयांच्या जनुकांचा इतिहासही यात डोकावतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून इथले समूह आपापल्यातच लग्नं करत आले. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६०हून अधिक समूहांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतल्या ८१ समूहांत थोड्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. त्या दोन समाजांवर वैद्यकाची ग्रंथालयं भरली आहेत. आपल्याकडे ‘गोत्र टाळलं म्हणजे झालं’ हा समज पक्का. गोत्र फक्त वडिलांच्या वाटेकडे पाहतं. जातीच्या कुंपणात कित्येक पिढ्या फिरलेलं जनुक दुसऱ्या वाटेनं त्याच घरात परत येतं. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घरांत तर ही वाट आणखीच आखूड.

त्याचं एक उदाहरण भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. आर्य वैश्य समाजातल्या काहींच्या रक्तात स्यूडोकोलिनएस्टरेज हे विकर जवळजवळ नसतं. एरवी त्यानं काहीच बिघडत नाही. पण शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलिन दिलं, की जो परिणाम काही मिनिटांत ओसरायचा तो तासन्‌तास टिकतो, श्वास परत येत नाही आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. उपाय साधा आहे. घरात कुणाला भूल उतरायला वेळ लागला होता का हे विचारायचं, विकराची तपासणी करायची आणि दुसरं औषध वापरायचं. या समाजाची वस्ती मराठवाड्यात आणि विदर्भातही आहे. एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी जनुकीय अंदाज दुसरा दाखवणं कठीण.

याच्या दुसऱ्या टोकाला बाजार आहे. लाळेची नळी टपालानं पाठवा आणि सगळ्या आजारांचं भविष्य मिळवा, हा धंदा अमेरिकेत २३अँडमी या कंपनीनं नावारूपाला आणला. २०१३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं तिला आरोग्याचे अहवाल विकण्यापासून रोखलं. पुढं टप्प्याटप्प्यानं परवानगी मिळाली. २०१८ मध्ये बीआरसीएची तपासणी मंजूर झाली, ती फक्त तीन बदलांपुरती, आणि तेही अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे. या दोन जनुकांत घातक बदल हजारांच्या घरात आहेत. अमेरिकेत एडिसनला किंवा सॅन होजेला राहणाऱ्या मराठी बाईनं अशी चाचणी करून सुटकेचा श्वास टाकला असेल, तर त्या श्वासाला फारसा आधार नव्हता. २०२३ मध्ये या कंपनीकडून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. लाळ मात्र लोकांनी कधीच देऊन टाकली होती.

शेकडो-हजारो लहान बदलांची बेरीज करून मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा एकच ‘धोकांक’ सांगणाऱ्या चाचण्याही आता येत आहेत. युरोपीय वंशाच्या माणसांवर बेतलेले हे अंक इतरांच्या बाबतीत कमी अचूक ठरतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पानं सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच संशोधकांसाठी खुले केले, ही त्या दिशेची चांगली सुरुवात. तोवर पोटाचा घेर, रक्तदाब आणि वडिलांना कितव्या वर्षी झटका आला हे विचारणारा डॉक्टर या अंकापेक्षा फार मागं नाही.

डॉक्टरांच्या हाती चाचणी दिली की सगळं सुरळीत होतं, असंही महाराष्ट्रानं तरी म्हणू नये. गर्भजल तपासणी ही मुळात जनुकीय दोष शोधण्याची चाचणी. ती मुलगी आहे का हे पाहायला वापरली गेली, आणि वापरणारे पदवीधर डॉक्टरच होते. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रात झाला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये. जनुकीय समुपदेशन केंद्रांची नोंदणी बंधनकारक आहे, ती या इतिहासामुळे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. तिच्यात आनुवंशिक स्थितीची कार्डं दिली जातात आणि लग्नाआधी दोघांनी ती पडताळून पाहावीत अशी अपेक्षा आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक अपत्यामागं चारात एक धोका, हे सांगितल्याशिवाय दिलेलं कार्ड स्थळ मोडायला पुरतं. आणि मोडतं ते बहुधा मुलीचं.

विम्याची गोष्ट त्याच्या शेजारची. हृदयाच्या स्नायूच्या आनुवंशिक विकारावर उपचार घेतलेल्या एका माणसाचा दावा ‘आजार जनुकीय आहे’ या कारणानं विमा कंपनीनं फेटाळला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं जनुकीय विकारांना असं सरसकट वगळणं भेदभाव ठरवलं, आणि मग तो वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला. अमेरिकेतला २००८चा कायदा आरोग्यविम्यात आणि नोकरीत जनुकीय माहिती वापरू देत नाही, पण आयुर्विम्याला तो लागू नाही. चाचणीआधीच्या बोलण्यात हा विषय निघायलाच हवा. बऱ्याचदा तो निघत नाही.

हे सगळं बोलायला माणसं हवीत. लखनौच्या संजय गांधी संस्थेत वैद्यकीय जनुकशास्त्रातलं अतिविशेष शिक्षण मिळतं, मुंबईच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरचं जनुकीय क्लिनिक आहे. पण प्रशिक्षित समुपदेशक देशाच्या मानानं फार थोडे आणि तेही मोठ्या शहरांत. बाकीच्या ठिकाणी हे काम कॅन्सरतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर जमेल तसं करतात. पुढची प्रकरणं मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्यांसाठी आहेत.

त्यांना पडणारा सर्वांत अवघड प्रश्न इंग्लंडमधल्या न्यायालयात २०२० मध्ये निकाली निघाला, निदान कागदोपत्री. एका माणसाला हंटिंग्टनचं निदान झालं होतं. त्याची मुलगी तेव्हा गरोदर होती. तिला सांगू नका, असं त्यानं डॉक्टरांना बजावलं आणि डॉक्टरांनी ते पाळलं. बाळंतपणानंतर तिला वडिलांचा आजार कळला. मग चाचणीत तिच्यातही तो दोष निघाला. वेळेवर कळलं असतं तर मी गर्भपात केला असता, असं म्हणत तिनं दावा लावला. वडिलांची गुप्तता आणि मुलीचं हित यांचं माप घेणं डॉक्टरांचं कर्तव्य होतं, हे न्यायालयानं मान्य केलं. पण त्यांनी घेतलेला निर्णय गैर नव्हता असं म्हणून दावा फेटाळला.

आपल्या दवाखान्यांत पेच बहुधा उलटा असतो. बाईबरोबर नवरा, दीर, कधी सासूही आत येते. लिफाफा दीर फोडतो, सासू विचारते, आणि जिचं रक्त तपासलंय ती शेवटच्या खुर्चीवर गप्प बसलेली असते. तिच्या सख्ख्या बहिणीला, जिला या माहितीची खरी गरज आहे, कुणी फोन करत नाही, कारण ती दुसऱ्या घरची. म्हणून अनुभवी समुपदेशक रक्त घेण्याआधीच बाकीच्यांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगतात, निकाल कुणासमोर सांगायचा ते तिच्याकडून लिहून घेतात आणि बहिणीला, भावाला, आत्याच्या मुलांना द्यायचं पत्र सोप्या मराठीत तयार ठेवतात.